‘सोयीनुसार भेट’ एवढंच लिहू नका
वाचकांचे प्रश्न : मुलांचा ताबा आणि भेटी

आमचा परस्पर संमतीने घटस्फोट होतो आहे. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ती माझ्याकडे राहील. मसुद्यात एकच ओळ आहे : ‘वडिलांना मुलीला सोयीनुसार व वाजवी वेळ भेटता येईल.’ वकील म्हणतात, भांडण नसताना जास्त लिहू नये. हे पुरेसं आहे का? (ठाणे)

नाही. भांडण नाही, म्हणूनच सगळं आत्ता लिहून घ्या. उद्या कोणाची बदली होईल, कोणाचं दुसरं लग्न होईल, आणि ‘वाजवी’ म्हणजे किती यावरच वाद सुरू होईल. कोर्टात जावं तर तिथेही अडचण येते, कारण ज्या अटीत वार नाही, वेळ नाही, जागा नाही, ती मोडली हे दाखवायचं कसं? सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं आहे की भेटीचं स्वरूप आणि तपशील कोर्टाने स्पष्ट ठरवून द्यावेत. लांब असलेल्या पालकाचा व्हिडिओ कॉलही त्यात यावा.

आधी वयाचं बघा. साडेतीन वर्षांच्या मुलीला पंधरा दिवस फार मोठे असतात. पंधरवड्यातून एक अख्खा रविवार देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास दिलेले बरे. महिनाभर हे नीट चाललं की शनिवारचा पूर्ण दिवस द्यावा. रात्रीचा मुक्काम तीन-चार महिन्यांनी, तोही आधी एकच रात्र. हे टप्पे तारखांसकट अटींतच लिहा, म्हणजे प्रत्येक वाढीसाठी कोर्टात अर्ज करावा लागत नाही.

मुलीला सोपवायचं कुठे, हेही ठरवा. सोसायटीचं गेट चालतं, पण ती शाळेत जायला लागली की सर्वांत चांगली जागा शाळाच. शनिवारी वडिलांनी शाळेतून न्यावं आणि रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी घरी सोडावं. मुलीसमोर आई-वडिलांची गाठच पडत नाही. फक्त शाळा ओळखपत्राशिवाय मूल ताब्यात देत नाही, म्हणून दोघांची नावं असलेलं पत्र आणि आदेशाची प्रमाणित प्रत मुख्याध्यापकांकडे आधीच द्या. उशिरासाठी वीस मिनिटांची मुभा ठेवा. बॅगेत औषध असेल तर डोस कागदावर लिहून द्या. झोपताना लागणारी गोधडी विसरू नका, रात्रीचे निम्मे रडण्याचे प्रसंग तिच्यामुळेच टळतात.

सणांच्या बाबतीत बहुतेक मसुदे फसतात. ‘दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी’ असं लिहितात. पण सुट्टी लक्ष्मीपूजनाच्या आसपास सुरू झाली, तर पाडवा-भाऊबीज पहिल्या निम्म्यातच उरकतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसत्या मोकळ्या तारखा येतात. म्हणून सम वर्षी पहिला भाग आईकडे आणि विषम वर्षी वडिलांकडे, अशी अदलाबदल लिहा. तिथ्यांवरून वाद नको, तर दिवस दिनदर्शिकेतल्या तारखेने धरायचे असंही लिहा. गणपती ज्या घरात बसतो त्या घरी स्थापनेचा दिवस आणि दुसऱ्या घरी पुढचा एखादा दिवस, हे बऱ्याच कुटुंबांत जमतं. मे महिन्याच्या सुट्टीसाठी शाळेचं वेळापत्रक आलं की आठ दिवसांत त्याचा फोटो पाठवायचा, ही जबाबदारी तुमच्यावर ठेवा.

‘ताप आहे’ हे भेट रद्द होण्याचं नेहमीचं कारण. कधी खरं असतं, कधी नसतं. त्यावर उपाय असा : डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवायचा, आजारपणात वडिलांना घरी येऊन अर्धा तास भेटता येईल, आणि बुडलेली भेट पुढच्या दोन आठवड्यांत भरून द्यायची.

मुलीच्या पासपोर्टला एरवी दोघांची संमती लागते, तेव्हा ती आत्ताच नोंदवा आणि पासपोर्ट कोणाकडे राहील तेही लिहा. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, परदेशवारी यांत एकमेकांना किती दिवस आधी कळवायचं ते ठरवा. फी दरवर्षी वाढते, म्हणून ठरावीक रकमेऐवजी टक्क्यांत वाटणी लिहा. आणि ‘मुलीसाठी काहीही मागणार नाही’ ही अट कोणी घालायला सांगितली तर घालू नका. तो पैसा मुलीचा हक्क आहे, तिच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार तुम्हालाही नाही.

यातलं काहीच कायमचं नसतं. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अटी बदलून मागता येतात.

कोर्टाने दर शनिवारी दुपारी चारची भेट दिली आहे. दोन महिने झाले, मुलगा खाली येत नाही. मी पोटगी थांबवली तर चालेल का? (नाशिक)

थांबवू नका. पोटगी आणि भेट हे दोन स्वतंत्र आदेश आहेत. एक मोडला म्हणून दुसरा मोडता येत नाही. थकबाकी राहिली की वसुलीची कारवाई होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली ठरलेल्या पोटगीत तर थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ज्या कोर्टासमोर तुमची बाजू भक्कम होती, तिथेच तुम्ही थकबाकीदार म्हणून उभे राहाल.

त्याऐवजी दर शनिवारी चारला जा आणि अर्धा तास थांबा. एकच साधा मेसेज करा : ‘चारला गेटवर आलो, साडेचारपर्यंत थांबलो.’ टोमणे नकोत, धमकी नको, कारण हाच मेसेज न्यायाधीश वाचणार आहेत. वहीत तारीख, वेळ आणि दिलेलं कारण लिहीत राहा. चार-पाच भेटी बुडाल्या की त्याच कुटुंब न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करा. नुसतं ‘आदेश पाळला जावा’ असं मागू नका. बुडालेल्या तासांची भरपाई, समुपदेशकांचा अहवाल आणि घडी बसेपर्यंत कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत भेट, असं नेमकं मागा. अवमान याचिका त्यानंतरची पायरी आहे.

पोलिसांना घेऊन दारात जाणं किंवा शाळेच्या फाटकावर ओढाताण करणं, याने वर्षभराचं काम एका दिवसात वाया जातं. मुलगा स्वतःच ‘नको’ म्हणत असेल तर त्याला ओढून नेऊ नका. समुपदेशकांसमोर छोट्या भेटींपासून पुन्हा सुरुवात करा. सुरुवातीला तो पाठ फिरवून बसला तरी वेळ पूर्ण होईपर्यंत तिथेच बसा, सोबत चित्रांची वही किंवा कॅरम ठेवा. ‘आईने काय सांगितलं?’ हा प्रश्न विचारूच नका.

मुलगा आठ वर्षांचा आहे. सासरचे म्हणतात, नऊ पूर्ण झाली की तो कोर्टात ‘बाबांकडे जातो’ म्हणेल आणि विषय संपेल. खरं आहे का? (सांगली)

नऊचा आकडा कायद्यात कुठेच नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं एवढंच आहे, आणि पाच झाली की आपोआप वडिलांकडे असंही नाही. त्यापुढे कलम १३ प्रमाणे मुलाचं कल्याण बघतात. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार मूल समजून सांगण्याच्या वयाचं असेल तर त्याचं मत विचारात घेता येतं. विचारात घेतात, त्यावरच निकाल देत नाहीत.

न्यायाधीश बहुतेक वेळा मुलाशी आपल्या दालनात, आई-वडिलांना बाहेर ठेवून बोलतात. सकाळी कोण उठवतं, मित्र कोण, अभ्यास कोण घेतं, असे प्रश्न असतात. आठ वर्षांचं मूल ‘आई ॲडजस्ट करत नाही’ म्हणालं की वाक्य कोणाचं हे लगेच कळतं. म्हणून तुम्हीही काही पढवू नका. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचे कागद, पालकसभेतल्या सह्या, फीच्या पावत्या गोळा करा. रोजचं कोण करतं ते त्यातून दिसतं. तुमची कमाई कमी आहे एवढ्यावरून ताबा जात नाही. खर्चाचा वाटा वडिलांकडून घेता येतो.

मी टोरांटोत आहे. पत्नी चार महिन्यांपूर्वी मुलाला घेऊन पुण्याला माहेरी गेली, परत येत नाही. इथल्या कोर्टाने ताबा मला दिला आहे. तो आदेश तिथे चालेल का? (कॅनडा)

थेट चालणार नाही. मुलांना बेकायदा परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. तुम्हाला मुंबई उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करा अशी मागणी, करता येईल, पण नित्या आनंद राघवन प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, निर्णय मुलाच्या हिताने होतो.

म्हणून उशीर करू नका. मूल पुण्याच्या शाळेत रमलं की परत पाठवण्याचा युक्तिवाद दर महिन्याला कमजोर होतो. आदेशाची प्रमाणित प्रत, मुलाचं नागरिकत्व, तिथल्या शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद जोडा. सोबत लेखी हमी द्या : पत्नीचं विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च, तिच्यासाठी वेगळं घर, खर्चाची मासिक रक्कम, आणि ती परतल्यावर तिच्याविरुद्ध कारवाईचा आग्रह धरणार नाही असं वचन. ही हमी नसेल तर पहिला प्रश्न येतो, ‘आईने तिथे राहायचं कुठे?’ याचिका चालू असताना मुलाशी रोजचा व्हिडिओ कॉल पहिल्याच तारखेला मागून घ्या आणि वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून घ्या.