टोपी घालून मेंदूचा अभ्यास करायचाय, मग अकरावीला गणित घ्यायचं का?

सांगली जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगी दहावी झाली. विज्ञान दिनाला शाळेने पुण्याच्या एका संस्थेत नेलं होतं, तिथं तिला तारांची टोपी घालून मेंदूच्या लाटा स्क्रीनवर दाखवल्या. तेव्हापासून म्हणते, माणूस शिकतो कसा, निर्णय घेतो कसा, ते मला या मशीनवर शोधायचंय. ही डॉक्टरची लाइन आहे का? क्लासवाले म्हणतात नीट द्यायची तर गणित कशाला, पीसीबी घ्या. पुढं पोटापाण्याचं काय? आणि इथं एक जण ब्रेन मॅपिंग करून मुलांचं फील्ड सांगतो, ते करून घ्यावं का?"

नमस्कार दादा,

गणित सोडू नका. ॲडमिशनची गडबड असेल म्हणून हे आधीच सांगितलं, आता का ते सांगते.

तुमच्या लेकीने बघितलं ते ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणं. तिला बहुतेक डोळे मिटायला सांगितलं असेल आणि स्क्रीनवर एकदम गोल गोल मोठ्या लाटा आल्या असतील, सेकंदाला ८ ते १३, त्यांना अल्फा म्हणतात. हे जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२९ मध्ये जगाला दाखवलं, आणि त्याने ज्यांच्या डोक्यावर तारा लावल्या त्यात त्याचा स्वतःचा मुलगाही होता. म्हणजे टोपीत दिसलेलं जुनंच आहे, पण शिकणं आणि निर्णय यांचा अभ्यास त्याच्या बराच पुढं गेलाय.

तो कसा करतात बघा. समोर दोन चित्रं, एक निवडायचं, एकावर पैसे जास्त वेळा मिळतात आणि दुसऱ्यावर कमी, पण कुठलं कुठलं ते सांगत नाहीत, खेळत खेळतच कळतं. निवडलं की स्क्रीनवर येतं मिळाले किंवा गेले. ते दिसल्यापासून साधारण पाव सेकंदात कपाळाच्या वर, डोक्याच्या मध्यरेषेवरच्या तारांमध्ये एक लाट येते जी जिंकल्यावर वेगळी आणि हरल्यावर वेगळी असते, आणि निकाल जितका अनपेक्षित तितका हा फरक साधारणपणे मोठा. अपेक्षा आणि निकाल यातला फरक मेंदू मोजतो आणि त्यावरून पुढची निवड सुधारतो, हा विचार या सगळ्याच्या मुळाशी आहे. दुसरी एक लाट तर चुकीचं बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच येते, कुणी चूक दाखवून द्यायच्या आधी! मला हे अजूनही फार भारी वाटतं, आणि तुमच्या मुलीला नेमकं हेच शोधावंसं वाटतंय याचा खरंच आनंद झाला.

पण ही लाट एका वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये डोळ्याला दिसत नाही. ती असते काही मायक्रोव्होल्टची (व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट) आणि भोवतीचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट, पापणी लवली की शंभर मायक्रोव्होल्टची उडी, दात आवळले की स्नायूंचा खरखराट, वर भिंतीतल्या वायरिंगमधल्या विजेची सेकंदाला ५० वेळा होणारी गुणगुण (आपल्याकडे तर डोक्याला तेल लावून येऊ नका हेही आधी बजावून सांगावं लागतं). मग तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची, म्हणजे उलटसुलट गोंगाट एकमेकांना खाऊन टाकतो आणि दर वेळी त्याच क्षणाला येणारं तेवढं उरतं. टोपी लावून रेकॉर्डिंग घेणं तास-दोन तासांचं काम, बाकी कित्येक महिने हेच चालतं, सरासरी, संभाव्यता, साइन लाटा, लाटेतून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणं, आणि ते सगळं पायथन किंवा मॅटलॅबमध्ये कोडिंग करून. आता सांगा, यात गणित सोडून कसं चालेल. नीटला गणित लागत नाही हे क्लासवाल्यांचं खरंय, पण तिला जायचंय तो रस्ता नीटवरून जातोच असं नाही. पीसीएमबी घ्या, दोन्ही दारं उघडी राहतील, कष्ट जास्त आहेत हे मान्य.

डॉक्टरची लाइन का, तर नाही. या मशीनवर तीन प्रकारची माणसं काम करतात. फिट्स वगैरेसाठी ईईजी वाचून निदान करणारा न्यूरॉलॉजिस्ट, त्याला एमबीबीएस आणि मग पुढची बरीच वर्षं. हॉस्पिटलमध्ये मशीन लावून रेकॉर्डिंग घेणारा टेक्निशियन, त्याचं शिक्षण वेगळं आणि पगार लवकर सुरू होतो, घरची तशी गरज असेल तर तोही चांगलाच मार्ग आहे. आणि तिसरा संशोधक, तुमच्या लेकीला हे व्हायचंय.

त्यासाठी बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस मला सगळ्यात योग्य वाटतो, पुण्यातच आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि गणित चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात, पीसीबीची मुलं देऊ शकतात पण गणिताच्या भागात अडतात. तिथं नाही लागलं तर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, बायो काहीही, आणि मग कॉग्निटिव्ह सायन्सचं (मन आणि मेंदू कसं काम करतात त्याचा अभ्यास) एमएस्सी, आयआयटी गांधीनगर किंवा अलाहाबाद विद्यापीठात, तिथं वेगवेगळ्या शाखांतून मुलं येतात. नंतर पीएचडी, त्यासाठी मेंदूवर संशोधन चालतं अशा संस्था, बंगळुरूची आयआयएस्सी आणि निम्हान्स, दिल्लीजवळच्या मानेसरचं एनबीआरसी, आयआयटी कानपूर.

पैशाचं स्पष्टच सांगते. पीएचडीत नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) असेल तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि पुढं ४२ हजार, वर घरभाडं, म्हणजे घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पण कायमची प्राध्यापकी मिळेपर्यंत वयाची तिशी सहज ओलांडते आणि जागा थोड्याच असतात. मधेच सोडावंसं वाटलं तरी सिग्नल आणि डेटा हाताळायचं कौशल्य हातात राहतं, मेडिकल उपकरणांच्या कंपन्या, डेटा सायन्स इकडं ते चालतं. अर्थात गणित आणि कोडिंग पक्कं असेल तरच.

ब्रेन मॅपिंगवाल्याकडं मात्र जाऊ नका, कृपा करून. वर सांगितलेले निष्कर्ष बऱ्याच माणसांच्या सरासरीतून येतात, एका पोरीच्या डोक्यावर दहा मिनिटं तारा लावून ती इंजिनीअर होईल की वकील हे कुठलंही मशीन सांगू शकत नाही. बोटांच्या ठशांवरून सांगतात तेही तसंच. लाटांवरून माणसाच्या मनातलं कळतं हा मोह फार वाईट, २००८ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात एका खुनाच्या खटल्यात अशा चाचणीचा आधार घेऊन शिक्षा झाली होती, नंतर २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. ते पैसे वाचवा आणि तिला एक साधा लॅपटॉप घ्यायला साठवा.

आता तिच्यासाठी. ही आवड टोपीची आहे की प्रश्नाची, ते या सुट्टीतच कळेल, मशीन लागत नाही. दोन डबे घे, एकात ७ लाल आणि ३ पांढरे मणी, दुसऱ्यात ३ लाल आणि ७ पांढरे. भावाला नाहीतर आजीला न बघता कुठल्याही डब्यातून एक मणी काढायला सांग, लाल आला तर एक पॉइंट, मणी परत आत. असं साठ वेळा, पण तीस झाले की गुपचूप डब्यांची अदलाबदल कर. प्रत्येक वेळी कुठला डबा निवडला आणि काय आलं ते वहीत लिही. चांगला डबा कळायला किती वेळ लागला, बदललेलं कळायला किती, दोन पांढरे आले की लगेच डबा सोडणारे कोण आणि चिकटून बसणारे कोण? आठ-दहा जणांवर करून आलेख काढ. प्रयोगशाळेतही आधी असाच खेळ ठरतो, टोपी त्यानंतर येते. हे करताना कंटाळा आला तर तसं प्रामाणिकपणे बाबांना सांग, त्यात काही बिघडत नाही. आणि मजा आली तर पायथन शिकायला लाग, ईईजीचा डेटा तपासायचं एमएनई नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपनन्यूरो या वेबसाइटवर खऱ्या प्रयोगांचा ईईजी डेटाही फुकट मिळतो.

दादा, वहीतले आकडे तयार झाले की फोटो पाठवा, मी बघून तिला कळवते.