तीन सिलिंडर आणि अकरा टक्के

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचकाने विचारले आहे की, दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या त्यांच्या २०१८ च्या होंडा ओडिसीमध्ये इंजिनावर भार कमी असताना सहापैकी तीन सिलिंडर आपोआप बंद होतात. पुढे इंजिन तेल खाऊ लागू नये म्हणून शंभर डॉलरचे उपकरण बसवून ही सोय बंद करावी काय, आणि तसे केल्यास गाडी विकताना तीन हजार डॉलर जास्त मिळतील काय? सोबत कर्जाच्या कागदांचे आणि डीलरने विकलेल्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचे (ठरावीक वर्षे बिघाडाच्या दुरुस्तीचा खर्च भरून देण्याच्या कराराचे) फोटो आहेत.

हे उपकरण कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसते आणि इंजिन अजून पुरेसे तापलेले नाही असे संगणकाला भासवते, म्हणून सहाही सिलिंडर चालू राहतात. वर्षाला १२,००० मैल धरून गॅलनमागे दीड मैल कमी मिळाले, तर सुमारे ४० गॅलन, म्हणजे १३० डॉलरचे पेट्रोल जास्त लागेल. तुमची भीती निराधार नाही. २००८ ते २०१३ च्या ओडिसींबाबत तेल जळण्याच्या आणि स्पार्क प्लग खराब होण्याच्या तक्रारींवरून सामूहिक दावा झाला होता आणि होंडाला वॉरंटी वाढवावी लागली होती. परंतु तुमची गाडी त्यांतली नाही. दर महिन्याला डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पाहा; तेल उतरत असेल तरच उपकरणाचा विचार करा. उपकरणामुळे विकताना तीन हजार जास्त मिळतील ही आशा मात्र सोडा, कारण घेणारा मैल, वर्ष आणि अपघाताची नोंद पाहतो.

आता न विचारलेले. तुमच्या कर्जात गाडीचे २८,०००, जुन्या गाडीच्या कर्जाचे उरलेले ५,००० आणि सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचे ३,६०० असे ३६,६०० डॉलर ११ टक्क्यांनी ८४ महिन्यांसाठी बांधलेले आहेत. हप्ता ६२७, अजून देणे २८,८०० आणि गाडीची किंमत तुमच्याच अंदाजाने २०,०००. या वर्षीचे व्याज सुमारे तीन हजार डॉलर होते, आणि आपण १३० डॉलरच्या पेट्रोलाचा हिशोब मांडत बसलो आहोत! त्याच वेळी तुमचे २४,००० जवळजवळ बिनव्याजी बचत खात्यात पडून आहेत. अमेरिकेत नव्याने आलेल्या, क्रेडिट इतिहास (आधीच्या कर्जफेडीची नोंद) नसलेल्या कुटुंबाच्या गळ्यात सही करण्याच्या टेबलावर असे कॉन्ट्रॅक्ट घालणे मला मुळीच मान्य नाही. तुम्ही पाठवलेल्या सातव्या पानावर, गाडीत मालकाने केलेल्या बदलांमुळे होणारे बिघाड भरून मिळणार नाहीत असे छापले आहे. म्हणजे उपकरण बसवलेत, तर ज्या इंजिनाच्या काळजीने हे कॉन्ट्रॅक्ट घेतले, त्याच इंजिनाच्या बिघाडावर ते तुम्हाला नकार देऊ शकते.

म्हणून हे कॉन्ट्रॅक्ट आधी रद्द करा. पाच वर्षांपैकी तीन उरली आहेत, तेव्हा मैलांची मर्यादा आड आली नाही तर सुमारे २,१०० परत येतील आणि ते थेट कर्जात जमा होतील. तीन महिन्यांच्या खर्चाचे १४,००० बाजूला ठेवून बचतीतले १०,००० भरा. देणे १६,७०० वर, म्हणजे गाडीच्या किमतीखाली येईल, आणि दोन वर्षे वेळेवर हप्ते भरलेल्या माणसाला क्रेडिट युनियनकडे (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेकडे) ७ टक्क्यांच्या आसपास दर मागता येईल. तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे ५१५ पडेल; कर्ज दोन वर्षे आधी फिटेल आणि व्याजाचे जवळजवळ सात हजार वाचतील. दहा हजार भरताना ते मुद्दलातच जमा करावेत असे बँकेला लेखी कळवा, नाहीतर ती रक्कम पुढील हप्त्यांपोटी धरली जाऊ शकते.