पाचगणीची हवा आईच्या दम्याला मानवेल का?

प्रश्न : आईला (वय ६८) दमा आहे. ठाणे सोडून तिला कायमचं पाचगणीला न्यावं का?

उत्तर : ताई, घाई नको. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक प्राणवायू ठाण्यापेक्षा साधारण १४ टक्के कमी मिळतो. आटोक्यातल्या दम्याला हे सहसा जाणवत नाही, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार) असेल तर चढावर धाप लागते. स्वित्झर्लंडच्या दावोसला दमेकऱ्यांना उतार पडायचा, कारण तिथल्या कोरड्या हवेत धुळीतले सूक्ष्म किडे फारसे टिकत नाहीत. आपल्याकडे पाचगणीत मात्र पावसाळ्यात गाद्यांनाही बुरशी धरते! माझी आई वाईत बरी असायची, जुलैत पाचगणीला रात्रभर खोकायची. आधी पावसाळ्यात महिनाभर भाड्याने राहून पाहा. इनहेलर मात्र एक दिवसही चुकवू नका.