घड्याळाची डायल रंगवलेली, वर बिलही नाही

पुण्याच्या एका वाचकांनी ‘कार्तिए’ या फ्रेंच कंपनीच्या बंद पडलेल्या ‘सीपीसीपी’ (कलेक्शन प्रिव्हे कार्तिए पॅरिस) मालिकेतलं, कासवाच्या आकाराचं टॉर्त्यू घड्याळ मुंबईच्या विक्रेत्याकडून 18 लाखांना घेतलं. पैसे बँकेतून गेले. व्हॉट्सॲपवर ‘सगळं ओरिजिनल’ असं आश्वासन होतं. तीन महिन्यांनी घड्याळजी म्हणाला, डायल पुन्हा रंगवलेली आहे. विक्रेत्याचं उत्तर: “माल दुबईचा, मालिकाच बंद, परत घेणार नाही.” बिल दिलेलंच नाही. पैसे परत कसे मिळवायचे, असं ते विचारतात.

मालिका बंद झाली म्हणून विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. 1998 ते 2008 या काळात कंपनीने 1912 च्या टॉर्त्यूसारखे आपलेच जुने घाट या मालिकेत पुन्हा घडवले. डायलवरची कोरीव नक्षी आणि ‘कार्तिए पॅरिस’ ही अक्षरं, संग्राहक मुख्यतः त्याचेच पैसे मोजतात. त्यामुळे रंगवलेली डायल ‘ओरिजिनल’ म्हणून विकणं ही किरकोळ बाब नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल, दोन वर्षांच्या आत. 18 लाखांना फी 400 रुपये; माझी वकिली नोटीस त्याहून महाग पडेल!

मात्र विक्रेत्याला ‘गुंतवणूक म्हणून घेतोय, भाव वाढला की विकेन’ असं तुम्हीच लिहिलंय. समोरचा वकील तेच दाखवून व्यापारी हेतूचा मुद्दा काढणार: व्यापारासाठी घेणारा या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. हातावर घालण्यासाठी घेतलं असेल तर तसे फोटो, विम्याचे कागद शोधा. तुम्ही ग्राहक ठरला नाहीत, तर दिवाणी दावा उरतो.

खरी काळजी मला ‘दुबईच्या माला’ची वाटते. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 123 मध्ये सोन्याच्या जोडीला घड्याळांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तस्करीच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्याने सिद्ध करायचं. म्हणजे तुम्ही. तेव्हा नोटिशीत परताव्याबरोबरच बिल आणि आयातीचे कागद मागा. तो कागद देऊ शकला नाही, तर परताव्याची तुमची बाजू आणखी भक्कम होईल.

तोवर डायलला हात लावू देऊ नका. घड्याळजीकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या. चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. आणि तडजोड कागदावर येऊन पैसे खात्यात जमा होईपर्यंत घड्याळ कुरिअरने परत पाठवू नका.