चहा-बिस्किटावर लोकल गाठताना

प्रश्न : ७.१०ची लोकल असते, चहा-बिस्किटं खाऊन निघते. अकराला हातपाय गळतात. काय करू?

उत्तर : बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर; लगेच जिरतात, प्रथिनं जवळपास नाहीतच. रात्री वाटीभर हिरवे मूग भिजवा. सकाळी आलं, मिरची, मीठ घालून वाटा आणि घावनं घाला. पाण्याचा थेंब चुर्रकन उडाला की तवा तापला. त्याआधी पीठ ओतलंत तर घावन चिकटणारच. उरलेलं पीठ फ्रिजमध्येच ठेवा, मुंबईच्या दमट हवेत ते बाहेर आंबतं. वर लिंबू जरूर पिळा, लोह अंगी लागतं. चहा मात्र तासाभराने, कारण तो लोह शोषू देत नाही. तरीही गळल्यासारखं वाटलं तर हिमोग्लोबिन तपासाच.