डेटिंगच्या रिॲलिटी शोमध्ये समलिंगी पुरुषांचे चित्रण खरोखर बदलले आहे का?

बदलले आहे, आणि किती ते पाहायचे तर २००३ साली अमेरिकेतील ब्राव्हो वाहिनीवर आलेला ‘बॉय मीट्स बॉय’ आठवावा. त्यात समलिंगी नायकासमोर उभ्या केलेल्या १५ उमेदवारांपैकी काही जण मुळात समलिंगी नव्हतेच, हे त्याच्यापासून लपवून ठेवले होते. त्याने अशांपैकी एखाद्याची निवड केली असती, तर बक्षिसाची रक्कम त्या तोतयाला मिळणार होती. (म्हणजे स्वयंवर कसले, सापळाच.) याउलट २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द बॉयफ्रेंड’ या जपानी शोमधले तरुण एका घरात राहतात, कॉफीची गाडी चालवतात आणि त्या दिवशी गाडीवर सोबत कोणाला न्यायचे हे ठरवताना अवघडतात, समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नसलेल्या देशातला हा साधेपणा मला अधिक धीट वाटतो.