वाचक विचारतात: वास्तुशांत ठरलीय, आता पाटावर कोण बसणार आणि बोलवायचं किती जणांना?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आमच्याकडे वास्तुशांतीचे प्रश्न यायला लागतात. विधीची शंका एखादीच असते, बाकी सगळ्या माणसांच्या. यावेळी त्यातलेच काही घेतलेत.

प्रश्न: ताई, आमच्या टू बीएचकेची वास्तुशांत आहे. सासूबाई म्हणतात सगळ्यांना सकाळीच बोलवा, म्हणजे दोन्हीकडचे नातेवाईक, माझं ऑफिस, ह्यांचं ऑफिस, जुन्या सोसायटीतले शेजारी, शंभर-सव्वाशे सहज होतात. हॉलमध्ये होम मांडला की वीस माणसंसुद्धा बसतील असं वाटत नाही. आणि मला मेन टेन्शन हे आहे की पूजेतून सारखं उठून चहापाणी मलाच बघावं लागणार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वास्तुशांत चार-पाच तास चालते आणि त्यात नवरा-बायको दोघांच्या हाताला सतत काम असतं, अक्षता वाहा, पळीने पाणी सोडा, आहुती द्या, आणि तुम्ही मधेच उठून गॅसवरचा चहा बघायला गेलात तर गुरुजी थांबतात नाहीतर तुमच्याशिवाय पुढे जातात, दोन्ही वाईटच. म्हणून आधीच ठरवून टाका की संकल्प सोडल्यापासून पूर्णाहुतीपर्यंत, म्हणजे होमातल्या शेवटच्या आहुतीपर्यंत, घराचा ताबा दुसऱ्या कुणाकडे. नणंद, जाऊ, भाऊ, जवळची मैत्रीण, जी शांत डोक्याची असेल ती, पण नेमकी एकच व्यक्ती. किल्ल्या, दक्षिणेची पाकिटं, केटररचे उरलेले पैसे आणि तुमचा फोन, सगळं तिच्या हातात. केटररला पण तिचाच नंबर द्या, नाहीतर आहुतीच्या वेळी तुमच्याच मोबाईलवर 'मॅडम, टेम्पो कुठे लावू' म्हणून फोन येतो.

आता सव्वाशे माणसं. त्यांचे दोन भाग करा. सकाळी फक्त घरचे, म्हणजे आईवडील, सासूसासरे, सख्खी भावंडं, मामा, आत्या, मावशी, आणि ज्यांना पूजा खरंच बघायची असते असे एखाद-दुसरे. त्यांचं जेवण पूर्णाहुती आणि आरतीनंतर. बाकी सगळ्यांना संध्याकाळी तीर्थप्रसादाला, आणि व्हॉट्सअॅपवर निमंत्रण टाकताना 'संध्याकाळी 6 ते 9' असं वेळेसकट लिहा, नुसतं 'दिवसभरात कधीही या' लिहिलंत तर निम्मे लोक दुपारी दीडला दारात उभे राहतील. संध्याकाळी माणसं टप्प्याटप्प्याने येतात, घर बघतात, दहा मिनिटं बसतात, आणि तेव्हा तुम्हाला त्यांच्याशी निवांत बोलता येतं.

सासूबाईंना वाटतंय की कुणाला वगळलं तर बरं दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे त्यांचं. त्यांना सांगा की वगळत कुणालाच नाहीये. मुहूर्तग्रंथांमध्ये एक श्लोक सांगतात, 'अकपाटमनाच्छन्नमदत्तबलिभोजनम्', म्हणजे ज्या घराला दारं नाहीत, छप्पर नाही, जिथे बली म्हणजे देवतांना अन्नाचा नैवेद्य दिलेला नाही आणि कुणाला जेवू घातलेलं नाही अशा घरात राहायला जाऊ नये. लोकांना जेवायला घालणं हा विधीचाच भाग आहे, पण ते सगळ्यांनी एकाच पंगतीत जेवावं असं काही त्यात नाही.

सोसायटीचा हॉल किंवा गच्ची मिळत असेल तर जेवण तिकडेच ठेवा. चपलांचा ढीग शेजाऱ्यांच्या दारासमोर जाणार, तेव्हा आदल्या दिवशी शेजारी जाऊन त्यांना आमंत्रणही द्या आणि कल्पनाही द्या. त्यांच्याकडून दोन-चार खुर्च्या मागून घेतल्यात तर ओळख तिथेच होते.

प्रश्न: बिल्डरने पझेशन दिलंय, भाडं आणि ईएमआय दोन्ही चालू आहे, पण मुहूर्त थेट दोन महिन्यांनी आहे. आधी राहायला गेलो तर चालतं का? घरातले ऐकायला तयार नाहीत.

चालतं, आणि खूप लोक तसंच करतात. चांगला दिवस बघून गणपतीची तसबीर, पाण्याचा भरलेला कलश, धान्य, मीठ, हळद-कुंकू, नवी केरसुणी घेऊन आत जायचं, देवापुढे दिवा लावायचा, दूध उतू घालायचं आणि राहायला लागायचं. वास्तुशांत मग सवडीने मुहूर्तावर. दिवसासाठी साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा, पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा बलिप्रतिपदा, जवळ असेल तर घरातले फार वाद घालत नाहीत असा माझा अनुभव आहे.

वास्तुशांतीचे मुहूर्त पंचांगात वेगळे दिलेले असतात. चातुर्मासाचा बराचसा भाग आणि पौष त्यात सहसा टाळतात, अधिक महिना तर नाहीच. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे 17 मे ते 15 जून, नेमके मुलांच्या सुट्टीचे दिवस. त्यामुळे हॉल आणि गुरुजी बुक करायच्या आधी पंचांग बघा. आणि ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, हातात आलीय का तेही बघून घ्या, मुहूर्त कितीही चांगला असला तरी त्या कागदाशिवाय राहायला जाऊ नका.

प्रश्न: मी 36 वर्षांची, लग्न केलेलं नाही, फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, लोन पण माझंच. काका म्हणतात पूजेला जोडपंच लागतं, त्यामुळे चुलतभाऊ आणि वहिनी बसतील. आणि बाबा तीन वर्षांपूर्वी गेले म्हणून आईने पुढे यायचं नाही, ओवाळायचं नाही, असं आत्याचं म्हणणं. आई स्वतःच म्हणते 'मी आतल्या खोलीत बसेन'. मला हे अजिबात सहन होत नाहीये.

सहन करूच नका. घर तुमचं आहे, संकल्पात नाव तुमचं येणार आणि पाटावर तुम्हीच बसणार. संकल्प म्हणजे अमुक गोत्राची अमुक नावाची मी, माझ्या घरात सुखशांती नांदावी म्हणून हे करते, असं स्वतःच्या तोंडाने म्हणणं. ते तुमच्याऐवजी चुलतभावाने कशाला म्हणायचं? एकट्या बाईकडून वास्तुशांत करून घेणारे गुरुजी आता भरपूर आहेत. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, 'मी एकटी बसणार आहे, तुम्ही करून द्याल का?' ते घुटमळले तर नमस्कार करून दुसरा नंबर लावा, त्या दिवशी सकाळी दारात वाद नको. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने तर स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलंय आणि तिथले पुरोहित मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत पूजा करतात, तशा कुणी मिळाल्या तर फारच छान. काका अगदीच अडून बसले तर भाऊ-वहिनीला एखादी आहुती द्यायला शेजारी बसवा, मान राहतो. मुख्य पाट मात्र सोडू नका.

आता आई. ज्या बाईने तुम्हाला वाढवलं, जिच्या जोरावर तुम्ही हे घर घेतलंत, ती तुमच्या घराच्या पहिल्या दिवशी आतल्या खोलीत बसणार असेल तर मग आशीर्वाद नेमका कुणाचा घ्यायचा? 'मी आत बसेन' हे त्या मनापासून म्हणत नसणार, चारचौघात कुणी काही बोललं तर लेकीच्या कार्यात विघ्न नको, ही भीती असते ती. म्हणून त्यांना 'तुला यायचंय का' असं विचारू नका, काम सांगा. कलश तुझ्या हातात, उंबरठा तू ओलांडायचा पहिला, मग मी. औक्षण तू करायचंस. आणि ही गोष्ट आत्याबाईंना आधी, एकट्यात, शांतपणे सांगा की असं ठरलंय. विचारायला नाही, कळवायला.

कुणी रूढी काढलीच तर सांगा की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एका खेड्याने गावसभेत बसून ठरवलं ते आपल्याला दोन बेडरूमच्या घरात ठरवता येऊ नये का! आणि अजून एक, पूजेच्या सुरुवातीला नांदीश्राद्ध असतं, त्यात शुभकार्याआधी पूर्वजांचं स्मरण करतात. तिथे बाबांची आठवण काढायची आहे हे गुरुजींना आधी सांगून ठेवा, त्यावेळी आई शेजारी असू दे.

प्रश्न: अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, वर स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर. होम करायचा कसा? मिस्टर म्हणतात टाइल्स पण फुटतील.

मिस्टरांचं बरोबर आहे, कुंड डायरेक्ट टाइलवर ठेवलं तर तडा जाऊ शकतो. खाली विटांचा थर, त्यावर वाळू, त्यावर कुंड. गुरुजींना आधीच सांगा की कुंड लहान आणा, फ्लॅटमध्ये होम करायची त्यांना सवय असते. धूर मुख्यतः ओल्या समिधांचा आणि दमट गोवऱ्यांचा होतो, म्हणून सामान दोन दिवस आधी आणून उन्हात टाका, आणि तूप नीट पातळ करून हाताशी ठेवा.

स्प्रिंकलरमधली ती लाल काचेची नळी साधारण 68 अंशाला फुटते, त्यामुळे कुंड त्याच्या बरोबर खाली येणार नाही अशी जागा निवडा, खिडकी किंवा बाल्कनीजवळची बेस्ट. डिटेक्टरचं मात्र स्वतः काही करू नका. त्यावर पिशवी बांधून लोक नंतर काढायला विसरतात आणि ते महिनोन्महिने तसंच राहतं. सोसायटीच्या मॅनेजरला लेखी कळवा, तेवढ्या वेळापुरता तुमच्या फ्लॅटचा अलार्म पॅनलवरून बंद करता येतो का ते विचारा, आणि सिक्युरिटीला वेळ सांगून ठेवा. पंखा आणि एसी बंद, खिडक्या उघड्या, जवळ पाण्याची बादली. दम्याचा त्रास असलेल्यांना होमाच्या वेळी शेजारच्या फ्लॅटमध्ये बसवा. पाटावर बसताना सिंथेटिक साडी किंवा ओढणी नको, कॉटन बरं. राख पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात टाकायची नाही, वरून गार दिसली तरी आत निखारा असतो.

वास्तूची प्रतिमा, म्हणजे घराचा देव मानलेल्या वास्तुपुरुषाची छोटी मूर्ती, आग्नेय कोपऱ्यात पुरतात, पालथी. स्लॅब खोदायला जाऊ नका. टाइल्स बसवणाऱ्याला आधी सांगून त्या कोपऱ्यातली एक टाइल मोकळी ठेवून घ्या, खाली छोटी डबी मावेल एवढीच जागा लागते, विधी झाला की तो येऊन ती पक्की करून देतो.

प्रश्न: आमची मुलं दहा आणि तेरा वर्षांची, आणि माझ्या काही मैत्रिणी हिंदू नाहीत पण त्यांना मनापासून यायचंय. चार तास नुसतं बसून सगळे कंटाळतील. त्यांना काय सांगू?

गोष्ट सांगा. मत्स्यपुराणात आहे ती. शंकर अंधकासुराशी लढत असताना त्यांच्या घामाच्या थेंबातून एक प्रचंड प्राणी जन्मला, भूक एवढी की सगळं गिळायला निघाला, तेव्हा देवांनी त्याला पालथं पाडलं आणि जो देव जिथे बसला तिथेच राहिला. तोच वास्तुपुरुष. डोकं ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला. चौरंगावर रंगीत तांदळाने चौकोन मांडतात ना, 81 नाहीतर 64 घरांचे, ते त्याचंच अंग आणि त्यावर बसलेल्या 45 देवता, मधोमध ब्रह्मदेव. मुलांना म्हणावं ते चौकोन मोजा आणि ब्रह्मदेव शोधा. तेरा वर्षांच्याला घराभोवती सूत गुंडाळायला आणि दुधा-पाण्याची धार धरायला पाठवा, हे काम मुलं आवडीने करतात.

मैत्रिणींना पूर्णाहुतीच्या अर्धा तास आधीची वेळ द्या. तेव्हा होम भरात असतो, आरती मिळते, जेवणही. पुण्याहवाचनात यजमान ब्राह्मणांना विनंती करतो की हा दिवस पुण्याचा आहे असं म्हणा, आणि ते तीन वेळा तसं म्हणतात. आपण इतक्या सगळ्यांना बोलावतो ते त्यांनीही आपल्या घराबद्दल चांगलं बोलावं, चांगलं चिंतावं म्हणूनच, त्यात मैत्रीण कुठल्या धर्माची हा प्रश्नच येत नाही. चपला बाहेर, आणि ज्यांना कुंकू लावून घ्यायचं नसेल त्यांना आग्रह नको, एवढं घरातल्या बायकांना आधी सांगून ठेवा.

प्रश्न: भाड्याच्या घरात वास्तुशांत करावी का?

गरज नाही. गणपतीपूजन करा, जमलं तर उदकशांत (मंत्रलेलं पाणी घरात शिंपडतात ती पूजा) किंवा सत्यनारायण, होम नसला तरी चालतं. आणि खिळे ठोकायच्या आधी घरमालकांना विचारा, त्यांनाही प्रसादाला बोलवा.